फौजी माणसं लढाईच्या गोष्टी सांगतात तेव्हा नेमकं काय सांगतात? (मामांचा रॉकेलचा चहा आणि बाकी)

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो, विस्कळीत होणार आहे सांभाळून घ्या.

आमच्या बेळगाव तालुक्यात काय नि पुढं खानापूर, चंदगड, निपाणीकडं काय, गल्लीत फौजेतला माणूस नाही असं होतच नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथं कॅम्पात आहे, पोरगं दहावीत गेलं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं आणि वीसेक वर्षांनी काळी ट्रंक घेऊन परत येतं ते 'सुभेदार मामा' नाहीतर 'हवालदार काका' होऊनच. म्हणजे आम्ही सगळे या माणसांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. पण त्या गोष्टी आहेत कसल्या, त्यात काय असतं आणि काय नसतं, हा विचार मी आत्ता आत्ता करायला लागलोय.

आमचे मामा १९८७ ला शांतीसेनेतून श्रीलंकेला गेले होते, जाफन्याकडं. त्यांची एक गोष्ट आहे, रॉकेलच्या चहाची. लग्न असो बारसं असो, जेवणं झाली की कोण ना कोण म्हणतंच, "मामा तो चहा सांगा की." गोष्ट अशी की रात्रीचं कुठंतरी थांबलेत, मागनं लांगरीनं (फौजेतला आचारी) जेरीकॅनमधून चहा पाठवला आणि त्या कॅनमध्ये आधी रॉकेल होतं. अंधारात मगात ओतून सगळ्यांना वाटला. पहिला घोट घेतला तरी कुणी काही बोलेना, कारण ज्याला त्याला वाटलं घाण आपल्याच मगाला लागलीय, आणि दोन दिवसांनी गरम काहीतरी मिळालंय ते टाकायचं कुणी, गप पिऊन टाकला. फटफटलं तसं सेक्शन कमांडरनं विडी काढली, काडी ओढणार तेवढ्यात सगळी एकदम दबक्या आवाजात, "साब, पेटवू नका!" इथं मामा स्वतःच एवढे हसतात की डोळ्याला पाणी येतं. आणि मग शेवटचं वाक्य ठरलेलं, "आणि मग आम्ही निघालो."

लहानपणापासून ऐकतोय, त्या वाक्याच्या पुढं गोष्ट कधी सरकली नाही. कुठं निघाले, पुढं काय झालं, विडीवाल्या साहेबांचं काय झालं, काही नाही. मामा आता थकलेत, मामी म्हणतात रात्रीची झोप अजून सरळ नाही. माझा प्रश्न एवढाच की विचारावं का? तुमच्या घरचे लोक काय सांगतात, काय गाळतात, सांगून त्यांना बरं वाटतं का उलट होतं, जे असेल ते लिहा.

उसाचा_फड

हसलो राव, साब पेटवू नका!! पण एक सांगू का, सगळंच मनावर घेऊ नका. आमच्या गल्लीतले एक काका आख्खी नोकरी स्टोअरमध्ये होते, पण दोन पेग पोटात गेले की टायगर हिल त्यांनीच घेतलं. कॅन्टीनच्या लायनीत उभं राहिलं की असल्या गोष्टी फुकटात मिळतात.

कंग्राळीची_सून

आमच्या सासऱ्यांना १९७१ बद्दल विचारलं की ते जेवण सांगतात. कुठल्या गावात कसले मासे मिळाले, तांदूळ कसला, केळी कशी. लढाई म्हणून काही नाहीच. मला आधी वाटायचं हे आचारी होते की काय.

पेन्शनर_नायक

उसाचा फड भाऊ, फेकणारे असतात, प्रत्येक पलटणीत असतात, आणि आम्हाला ते लागतात पण. वर थंडीत बसल्यावर रात्र काढायची कशी, कोणतरी फेकणारा पाहिजेच. पण स्टोअरवाल्याला हसायचं काम नाही. गेलेल्या माणसाचं सामान गोळा करून, यादी करून, ट्रंक भरून घरी पाठवायला कुणाचे हात लागतात ते एकदा विचारा त्या काकांना. तो काय काय बघून बसलाय आणि त्याच्याकडं सांगायला एक गोळी पण नाही, मग तो टायगर हिल घेणार नाहीतर काय करणार.

आता मूळ प्रश्नाचं. मी ९९ ला वर होतो, कुठं ते लिहीत नाही. फौजेत गोष्टी सांगायचे कायदे असतात, लिहिलेले नसतात पण सगळ्यांना ठाऊक असतात. पहिला म्हणजे आपली बहादुरी आपण सांगायची नाही, ती दुसऱ्यानं सांगायची, तू फक्त 'काय नाय रे' म्हणायचं. दुसरा, गेलेल्याची गोष्ट सांगायची तर तो कसा गेला ते नाही, तो कसा होता ते. आमच्यात एकजण होता, मिल्कमेडचे डबे चोरायचा. इतका सराईत की डबा सील असायचा आणि आत रिकामा, खालनं बारीक भोक. आज पण आम्ही चारजण कुणाच्या पोराच्या लग्नात भेटलो की पहिलं त्याचंच नाव, आणि पहिली गोष्ट डब्याची. कसा गेला ते चौघांनाही ठाऊक आहे, चौघंही तिथंच होतो. ते बोलायची गरज नाही. 'त्या नाल्यातली रात्र' एवढं कुणी म्हटलं तरी बास, सगळे ग्लासकडं बघतात, आणि मग परत मिल्कमेड.

त्याच्या घरी गेलो होतो सुट्टीत. आईनं विचारलं, "लई तरास झाला का रे त्याला?" म्हटलं, "नाही आई, कळलं पण नाही." सगळ्या आयांना हेच सांगतात. ती पण गोष्टच आहे, आणि ती मी आयुष्यभर सांभाळायची आहे, तिच्या पुढच्या पिढीला पण तशीच सांगायची आहे.

सिव्हिलातल्या माणसाला सांगायचं म्हणजे आधी जमीन समजवायची, मग थंडी, मग शंभर मीटर चढायला आख्खी रात्र कशी लागते ते, तोवर समोरचा मोबाईल बघालाय. मग माणूस म्हणतो जाऊ दे, चहाची सांगूया. मामांनी तुमच्यासाठी ती गोष्ट निवडलीय. खोटी नाही, निवडलेली आहे.

उसाचा_फड

नायकसाहेब मानलं. तरी पण काकांनी टायगर हिलच्या ऐवजी ट्रंकेचं सांगावं, लोक जास्त ऐकतील.

पेन्शनर_नायक

नाही ऐकणार.

पोथीवाचक

धागा चांगला चाललाय, मी थोडं मागचं लिहितो, माझा छंदच आहे हा.

पहिल्या महायुद्धात जर्मनीनं पकडलेल्या हिंदी सैनिकांना बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ इथं ठेवलं होतं, 'अर्धचंद्र छावणी' म्हणत तिला. तिथं जर्मन भाषातज्ज्ञ येऊन कैद्यांच्या बोलण्याच्या तबकड्या करायचे, त्यांना आपापल्या बोलीचे नमुने पाहिजे होते, माणसाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्या तबकड्या आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. त्यात ११ डिसेंबर १९१६ ची एक, मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाची. भोंग्यासमोर उभा राहून तो काय सांगतो? एक माणूस होता. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. मग त्यानं इंग्रजांची चाकरी केली, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडला. त्याला परत हिंदुस्थानात जायचंय, गेला तर तेच खाणं परत मिळेल. मिनिट दीड मिनिटाची गोष्ट असेल. सगळं स्वतःचं, आणि 'मी' एकदाही नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण आमच्या पणजोबांच्या भावाची गोष्ट घरात अशीच सांगितली जाते. ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. खाणं संपलं तेव्हा घोडे मारून खायला दिले, आणि हिंदी शिपाई कितीतरी आठवडे त्याला हात लावेनात, धर्माचं आणि गावात जाऊन काय सांगायचं याचं भ्या. शेवटी शेवटी खाल्लं बऱ्याच जणांनी. आता हे आजोबा परत आले आणि गोष्ट काय सांगायचे, "एक गणपत होता, तो उपाशी राहिला पण त्यानं घोडा खाल्ला नाही." (मराठा शिपायाला फौजेत गणपत म्हणायचे, अजून म्हणतात.) आता हा गणपत म्हणजे ते स्वतः का दुसरा कोण, आणि खाल्ला का नाही खाल्ला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझ्या चुलत्यांचं मत, खाल्ला असणार, नाहीतर जिवंत परत कसे आले. आजी म्हणायची, गप बसा, त्यांनी सांगितलं ना नाही खाल्ला.

कंग्राळीची सून, तुमच्या सासऱ्यांचे मासे वाचून मला मालसिंगाचं लोणीच आठवलं.

किल्लेदार_यळ्ळूर

पोथीवाचक, 'मी नाही, कोणतरी एक' हे अगदी पटलं. आमच्याकडचं सांगतो.

बेळगावात दिवाळीला किल्ले करायचं वेड किती आहे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या शेजारी एक रिटायर्ड सुभेदार होते, आता नाहीत. कुणाशी फार बोलायचे नाहीत, दारात खुर्ची टाकून बसायचे. एका दिवाळीत आम्ही पोरांनी मोठा किल्ला केला, अळीव पेरले, चुन्यानं वाटा काढल्या, मावळे मांडले. ते उठून आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हे असं रांगेनं कशाला चढवलाय रे? एका बर्स्टमध्ये सगळी जातील." आणि बसले की खाली मांडी घालून! मावळे उचलले, दोघं या दगडाआड, एक मागं, तोफेवाला मावळा उचलून बाजूच्या टेकाडावर ठेवला, "हा यांना कव्हर देणार, हा डोकं वर काढू देत नाही तोवर हे पुढं सरकणार." मग एक मावळा घेतला आणि म्हणाले, "हा पोरगा नवीन आहे. याला सांगितलंय पडून राहा. पण हा उठणार." असं म्हणून त्यांनी तो मावळा आडवा केला आणि कितीतरी वेळ त्याला सरळ करेनात. आम्ही विचारलं, आजोबा हा मेला का? म्हणाले, "नाही, जखमी आहे, याला रात्री खाली न्यायचाय." मग ते दोन मावळे घेऊन त्या आडव्याला किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत हळूहळू आणलं, वाटेत थांबत थांबत. आम्हाला खेळ वाटला. त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती ते मला आज कळतंय का ते.

दुसऱ्या दिवशी पण आले. तिसऱ्या दिवशी पण. दरवेळी तोच मावळा, तेच दगड. एका दिवशी त्याला त्यांनी उठूच दिला नाही, नुसता पडून ठेवला आणि बाकीच्यांनी किल्ला घेतला. त्या दिवशी खूश होते, लाडू खाल्ला आमच्या हातचा.

लढाई कुठली होती ते कधीच कळलं नाही. मावळ्यांचीच म्हणायची.

माई_निपाणी

सगळे गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल लिहिताय, ऐकणाऱ्यांबद्दल कोण लिहिणार? म्हणजे बायका.

आमच्या ह्यांनी मला एक गोष्ट सांगितलेली नाही. मित्र आले की बाहेरच्या खोलीत हशा पिकतो, मी चहा घेऊन गेले की विषय बदलतो. पण मला सगळं ठाऊक आहे, कारण झोपेत बोलतात. नावं घेतात. एक नाव तर असं आहे की त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही पण तो आमच्याच घरात राहतो म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला मी खांद्याला हलवून उठवायला जायची, एकदा माझा हात असा पिरगाळला की महिनाभर पाणी उपसता आलं नाही. उठल्यावर त्यांनाच रडू आलं. मग सासूबाईंनी सांगितलं (सासरे पण फौजीच), उशाला जायचं नाही, पायाच्या अंगठ्याला हात लावायचा आणि मागं सरायचं, आणि हाक मारायची ती गावाकडच्या नावानं, फौजेतल्या नाही. हे मला कुठल्या ऑफिसात कुणी शिकवलं नाही, बायकांनी बायकांना सांगितलेलं आहे.

तर गोष्टी सांगून मन हलकं होतं वगैरे ठीक आहे, होत असेल बाहेरच्या खोलीत. आत काय येतं ते पण लिहा कुणीतरी. आणि रम हे औषध नाही, कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळते म्हणून ती गोष्टींबरोबर आलीच पाहिजे असं काही नाही. बाटली असली तरच बोलतात आणि मग बोलतात त्यापेक्षा पितात जास्त. असो. राग आला म्हणून लिहिलं.

धारवाडी_पेढा

माई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. मी धारवाडला समुपदेशनाचं काम करते, माहेर बेळगाव, माजी सैनिक आणि त्यांच्या घरचे येत असतात. थोडं लिहिते, कुणाची केस म्हणून नाही, एकूण.

या त्रासाला डॉक्टरांच्या यादीत स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये, व्हिएतनामवरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी बरीच वर्षं धोशा लावल्यावर. पीटीएसडी म्हणतात ते हेच. त्याआधी १९१५ च्या सुमारास शेल शॉक म्हणायचे, आणि बऱ्याच ठिकाणी सरळ भित्रा म्हणायचे. गोष्ट सांगणं हा उपचार म्हणून वापरतात ते मात्र आपण कट्ट्यावर सांगतो तसं नाही. एका पद्धतीत माणसाला डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय अशा वर्तमानकाळात सांगायला लावतात, 'मी चाललोय, माझ्या डावीकडं अमुक आहे', ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायला सांगतात. परत परत. पहिल्यांदा घाम फुटतो, नंतर हळूहळू धार कमी होते. दुसरी एक पद्धत जर्मनीतल्या लोकांनी निर्वासितांसोबत काम करताना बसवली, त्यात जमिनीवर एक दोरी अंथरतात, ते त्या माणसाचं आयुष्य, जन्मापासून. चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. मग दोरीवरून पुढं पुढं जात एकेक सांगायचं. मला ही आवडते कारण त्यात फुलंही ठेवावी लागतात, नुसते दगड नाहीत.

आणि एक, हे सगळ्यांनी वाचा. काही भयंकर घडलं की लगेच दोनचार दिवसांत सगळ्यांना गोळा करून 'बोला, मोकळे व्हा' असं एकदाच बसवायचं, ही पद्धत पूर्वी फार चालायची. नंतर त्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रास वाढलेला. म्हणून मार्कंडेयकाठ, 'मामा आज सगळं सांगून टाका' असं नको.

पेन्शनर_नायक

मॅडम, रागावू नका, पण डोळे मिटून आत्ता घडतंय असं सांगायचं हे तर आमचं रोज रात्री फुकटात होतंय. त्याला धारवाडला कशाला यायचं?

धारवाडी_पेढा

अजिबात रागावले नाही, हाच प्रश्न सगळे विचारतात. फरक सांगते. स्वप्न कुठं तुटतं ते आठवा. नेमकं सगळ्यात वाईट जागी. तुम्ही दचकून उठता आणि गोष्ट तिथंच थांबते, दुसऱ्या रात्री परत तिथपर्यंत. त्यानंतर काय झालं ते स्वप्नात कधी येत नाही. उजाडलं, खालून माणसं आली, त्याला स्ट्रेचरवर घेतला, तुम्ही पाणी प्यायलात, पलटण खाली उतरली, तुम्ही सुट्टीवर आलात, पोरगी झाली. हे सगळं झालेलं आहे पण त्या रात्रीला ते ठाऊकच नाही. बसून सांगताना आम्ही माणसाला त्या जागेच्या पलीकडं नेतो, शेवटपर्यंत. कधी कधी दहा बैठका त्यातच जातात.

आणि मामांची गोष्ट बघा, ती त्या जागेच्या अलीकडंच थांबते. चहाची गोष्ट अलीकडं संपते, स्वप्न मधे तुटतं, आणि पलीकडचं कुणीच सांगत नाही. सुभेदारांनी मावळा पायथ्यापर्यंत आणला ते मला म्हणूनच फार आवडलं, त्यांना हे कुणी शिकवलं नसणार.

पेन्शनर_नायक

हं. वाचलं. परत वाचलं. उत्तर देत नाही आत्ता.

गोकाक_करदंट

नमस्कार, माझं मराठी थोडं कच्चं आहे, कन्नडमधी शिकलो. माझे वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते, कन्नड माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा चांगलं. पलटणीत आमच्या भागातले खूप लोक होते, अजून आहेत.

वडिलांचं वेगळंच आहे. ते स्वतःचं सांगत नाहीत, पलटणीचं सांगतात. जमालपूरची (आजच्या बांगलादेशातलं) गोष्ट सांगायला घेतली की तास दीड तास. १९७१ डिसेंबर, १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, १७६८ ची, यांनी जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कमांडरला चिठ्ठी पाठवली, शरण या, उगाच माणसं मरायला नको. एक म्हातारा माणूस चिठ्ठी घेऊन गेला. उत्तर आलं ते कागदात गोळी गुंडाळून! पुढच्या वेळी हातात पेन नाही, स्टेन (म्हणजे स्टेनगन) घेऊन भेटा असं काहीतरी लिहिलेलं. मग रात्री ते लोक फोडून बाहेर पडायला आले आणि सरळ मराठ्यांच्या मोर्चावर आले. हे सगळं वडील इतकं भारी सांगतात की आमच्याकडं पाहुणे मुद्दाम सांगायला लावतात.

पण वडील त्या रात्री स्वतः कुठं होते? ते विचारलं की म्हणतात 'तिथंच होतो की' आणि गीगी पद (कन्नडमधला पोवाडा) म्हणायला लागतात, संगोळ्ळी रायण्णाचं. आवाज अजून चांगला आहे. मला वाटतं त्यांना पलटणीची गोष्ट एवढी मोठी मिळाली की त्यात स्वतःचं ठेवून द्यायला जागा झाली. रेजिमेंटमध्येच तसं आहे ना, ४ फेब्रुवारीला मराठा दिन करतात तो सिंहगडाचा, १६७० चा. तानाजी पडले ती रात्र. दर वर्षी रिक्रूट पोरं ती गोष्ट ऐकतात, नंतर स्वतःवर वेळ आली की आधीपासून एक साचा तयार असतो, कोण पडला, कोण परत फिरायला लागले, कुणी दोर कापले.

कंग्राळीची_सून

करदंट, तुमचं मराठी कच्चं असेल तर आमचं काय म्हणायचं.

पोथीवाचक

साच्याबद्दल मला शंका आहे थोडी. सिंहगडाच्या गोष्टीत गड मिळतो. ज्याला गड मिळालाच नाही त्यानं कुठल्या साच्यात बसवायचं? कूतवाल्यांनी काय करायचं, शरणागती, पुढं वाळवंटातनं चालत कैदेत. त्यांचा पोवाडा कुणी केला नाही. म्हणून मग 'एक गणपत होता'.

मार्कंडेयकाठ

पोथीवाचक, हेच मला मामांबद्दल म्हणायचं होतं, मला नीट मांडता येत नव्हतं. २६ जुलै आली की कारगिलवाल्यांना शाळेत बोलावतात, शाल नारळ, पोरं प्रश्न विचारतात. १६ डिसेंबरला १९७१ वाले. लंकेवाल्यांना कोण बोलावतंय? १९८७ ला गेले, शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परत आली, मद्रासला उतरले तेव्हा स्वागताला तिथले मुख्यमंत्री पण आले नव्हते. कशासाठी गेलो होतो याच्यावरच देशात एकमत नाही. मग मामांनी गोष्ट सांगायची तर कुणाला आणि कशाची? गड घेतला का? नाही. गेला का? तसंही नाही. उरला चहा.

मामांच्या घरी भिंतीवर त्या वेळचा ग्रुप फोटो आहे. कुणाचं नाव सांगत नाहीत पण दर शनिवारी काच पुसतात, मामींना पुसू देत नाहीत.

माई_निपाणी

पेढा ताई, एक विचारते. ह्यांना 'डॉक्टरकडं चला' म्हटलं की मी काय येडा आहे का म्हणतात. काय करावं?

धारवाडी_पेढा

येडा शब्द निघाला की तिथंच सोडा, त्या दिवशी वाद नको. झोप नाही, बीपी आहे, छातीत धडधड होते, एवढंच सांगून ईसीएचएसला (माजी सैनिकांच्या दवाखान्यात) न्या, तिथल्या डॉक्टरांना तुम्ही बाजूला होऊन सांगा, ते पुढं पाठवतात. फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन) १४४१६ आहे, २०२२ पासून चालू, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) टेलिमानसचा वेगळा कक्षही सुरू केलाय. आणि तुम्ही स्वतःसाठी पण फोन करू शकता, त्रास झोपमोडीचा तुम्हालाही आहे. जिवाचं बरंवाईट करायचं कुणी बोललं तर मात्र येडा म्हणू दे नाहीतर काही म्हणू दे, थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं.

उसाचा_फड

मामांचं रेकॉर्डिंग करून ठेवा असं मी सुचवणार होतो. नंतर राहणार नाही हो काही. आमच्या आजोबांचं काहीच नाही आमच्याकडं.

पोथीवाचक

सहमत, पण लपवून नको. मालसिंगाला भोंग्यासमोर उभा केला तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं की नाही देव जाणे. मोबाईल समोर ठेवा आणि सांगा चालू आहे म्हणून. बंद करा म्हटले तर बंद.

पेन्शनर_नायक

मार्कंडेयकाठ, आता माझं ऐका. तुम्ही विचारू नका. तुम्ही पोरगं आहात त्यांचं, त्यांना तुमच्यासमोर मामाच राहायचंय. मला मेसेज करा मामांची पलटण कुठली, कंपनी कुठली. खानापूरपासून गडहिंग्लजपर्यंत आमच्या ओळखी आहेत, पेन्शनच्या कामाला सगळे एकमेकांना लागतात. त्यांच्या वेळचा एक जरी माणूस चालताबोलता असेल तर शोधून काढतो. त्याला घरी बोलवा, मटण करा, दोघांना बसवा आणि बाकीची पोरं बाहेर हाकला. चहाच्या पुढचं निघालं तर त्यांच्यात निघेल. नाही निघालं तर नाही, जेवून जाईल बिचारा.

आणि पेढा मॅडम, तुमचं ते स्वप्न कुठं तुटतं ते. बरोबर आहे. नाल्यातच तुटतं. पुढं आम्ही त्याला खाली आणला होता, पहाटे चारला, आणि एमओनं (पलटणीच्या डॉक्टरनं) सगळ्यांना गरम सूप दिलं होतं. हे मला बऱ्याच वर्षांत आठवलं नव्हतं.

मार्कंडेयकाठ

नायकसाहेब, मेसेज केलाय. मामींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तो माणूस आला तर मी पण बसू का ऐकायला, का स्वयंपाकघरात थांबू? काय सांगू त्यांना?

पेन्शनर_नायक

ते मामांनाच विचारा. पण बसल्या तर बिघडत नाही माझ्या मते. विडीवाल्या साहेबांचं नाव त्यांना आधीच ठाऊक असणार.

माई_निपाणी

बसू दे त्यांना. आणि मधेच भांडी उचलायला उठायचं नाही म्हणावं, हे लोक नेमकं तेव्हाच बोलायला लागतात.